एका ज्यूने खोदलेली विहीर

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०

नवी वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. यंदा संकल्प एकच. आपल्या घराण्याचा समग्र इतिहास लिहून पुरा करायचा. तीन खंड. पहिला खंड जूनअखेर हातावेगळा.

मागच्या वर्षी बारा संकल्प केले होते, म्हणून एकही तडीस गेला नाही. चूक माझी नव्हती, संख्येची होती.

आम्हा ज्यू लोकांबद्दल आजवर ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांनी आज्यांच्या गोष्टी लिहिल्या. कागद कोणी बघितले नाहीत. मी बघणार. नकाशा विभागात एकतीस वर्षं काढली आहेत, छापलेलं असल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. बायको म्हणाली, म्हणूनच घरात कोणाच्या बोलण्यावर ठेवत नाही. तिचं हे वाक्य मुद्दाम नोंदवतो. मोठ्या कामाला घरातून कसा पाठिंबा मिळतो ते पुढे लोकांना कळू दे.

२ जानेवारी, शुक्रवार

साधनांचा विचार. मुख्य साधन गॅझेटियर. (प्रस्तावनेसाठी टिपण: गॅझेटियर म्हणजे सरकारने सव्वाशे वर्षांपूर्वी छापलेले जाडजूड ग्रंथ. गावागणिक नोंद. गाव कुठे, घरं किती, माणसं किती, कोणत्या धर्माची, बाजार कोणत्या वारी, विहिरी किती.) आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे. आजोबा तरुणपणी ते गाव सोडून इथे आले. कुठलं गाव, हे वडिलांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. तेव्हा मला संशोधनाची दृष्टी यायची होती.

या नावाची गावं चार आहेत! चार वेगळ्या जिल्ह्यांत. एखादा असता तर इथेच हातपाय गाळून बसला असता. मी रंगीत पेन्सिली आणल्या. चार गावं, चार रंग.

३ जानेवारी, शनिवार

लायब्ररीचा दुर्मिळ ग्रंथ विभाग फक्त शनिवारी उघडा असतो. दहा ते एक. हे आधी माहीत नव्हतं. ठीक आहे, आठवड्यातून तीन तास. पुरेत. मी वेगाने वाचतो.

निघतानाच सिनेगॉगच्या सेक्रेटरीचा फोन. दर शनिवारी सकाळी आठला हा माणूस सगळ्यांना फोन लावतो. आज आठ झालेत, तुम्ही आलात तर नऊ, मग दहाव्या माणसाचं बघतो. आमच्यात दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय मेलेल्या माणसामागची प्रार्थना म्हणता येत नाही. नऊ असले तर पुस्तक मिटून घरी जायचं. नियम आहे, मी मानतो. पण दहावा मीच कशाला? गावात आणखी माणसं आहेत.

ताई दारातल्या खुर्चीत बसली होती. माझी थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तर. लग्न केलं नाही, आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, सूतिकागृहात नर्स होती आणि अजून घर म्हणजे वॉर्डच समजते. माझ्या हातातली वही बघून म्हणाली, शनिवारी लिहिणार? आपल्याला शनिवारी पेन उचलायचं नसतं, विसरलास का? मी म्हटलं, तिथे पेन चालतच नाही, फक्त पेन्सिल. त्यावर तिने कपाळाला हात लावला. मुद्दा पटला असणार.

१० जानेवारी, शनिवार

पहिलं गाव. लाल पेन्सिल. नोंद पूर्ण सव्वा पान! समुद्राकाठचा किल्ला, बंदर, मंगळवारचा बाजार, सागवानाची मोठी वखार. वाचता वाचता अंगावर काटा आला. हेच. आमच्या घराण्यात एक रुबाब आहे तो कुठून आला हे आज कळलं. आमचे पूर्वज बहुधा बंदरावर अधिकारी असावेत. किंवा वखार.

ज्यूंची वस्ती दिलेली नाही. नजरचुकीने राहिली असणार.

जिन्यात शिंपीबुवा भेटले. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर यांचं दुकान, मागच्या खोलीत राहतात. गेल्या महिन्यात यांची आई गेली, त्र्याण्णव वर्षांची. शेवटचा महिनाभर ताई गुडघे धरत जिना उतरून तिला इंजेक्शन द्यायला जायची. मी तेव्हाही सांगितलं होतं, वयाचा विचार कर. तर शिंपीबुवा म्हणाले, साहेब, आईसाठी अकरा महिने प्रार्थना म्हणायची आहे, पण दोन शनिवार नऊच जमले. पुढच्या शनिवारी याल का? मी म्हटलं, नक्की. अगदी नक्की.

११ जानेवारी, रविवार

प्रकाशन समारंभाला कोट लागेल. शिंपीबुवांकडे माप दिलं. गडद निळा, दोन बटणी. कधी हवा विचारलं. जून. म्हणाले, पाच महिने आहेत की साहेब, घाई कसली? मी म्हटलं, कामाला आधी लागलेलं बरं. माप घेताना पुन्हा शनिवारचा विषय काढला. टेप गळ्यात, टाचण्या तोंडात, तरी विषय तोच. माणूस चिकट आहे.

१७ जानेवारी, शनिवार

जायचं ठरलंच होतं. पण विचार केला. शिंपीबुवांच्या एकट्या आईसाठी सकाळ घालवायची, की आपल्या सगळ्या मेलेल्यांसाठी? ग्रंथ झाला की सगळ्यांचीच आठवण राहील, त्यात त्यांची आईही आली. व्यापक दृष्टीने पाहता मी जास्त मोठी प्रार्थना करतो आहे.

दुसरं गाव. हिरवी पेन्सिल. गरम पाण्याचे झरे, त्वचारोगावर गुणकारी. ज्यू नाहीत. आमच्या घराण्याची त्वचा मात्र चांगली आहे. प्रश्नचिन्ह घालून ठेवलं.

२४ जानेवारी, शनिवार

आज गेलो! कोणी म्हणू नये की गेलो नाही. वाटेत लायब्ररीत फक्त एक नोंद पडताळायला थांबलो. सिनेगॉगला पोचलो तर सेक्रेटरी कुलूप लावत होता. पावणेअकरापर्यंत वाट बघितली म्हणाला. माझ्या घड्याळात अकराला पाच कमी. दहा मिनिटं थांबायची कोणाची तयारी नाही आणि मग समाज टिकत नाही म्हणून ओरड करायची.

शिंपीबुवा पायरीवर बूट घालत होते. मला बघून नमस्कार केला.

७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.४०

सापडलं! सापडलं! सापडलं!

तिसरं गाव. निळी पेन्सिल. डोंगराच्या पायथ्याशी, कुठल्याच मोठ्या रस्त्यावर नाही. घरं ८७. लोकसंख्या ४१२. आणि त्यात, छापील, स्वच्छ: ज्यू ४१.

ग्रंथपालबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि पानावर बोट ठेवू नका म्हणाल्या.

नोंदीच्या शेवटी एक ओळ आहे, ती तशीच उतरवून घेतली. ‘गावाच्या उत्तरेस एका ज्यूने खोदलेली विहीर आहे. पाणी खारट. वापरात नाही.’

८ फेब्रुवारी, रविवार

त्या ओळीवर दिवसभर विचार. सरकारने चारशे माणसांच्या गावाबद्दल अकरा ओळी लिहिल्या आणि त्यातली एक आमच्या माणसावर खर्च केली. याचा अर्थ माणूस थोर असला पाहिजे. स्वतःसाठी कोणी विहीर खोदत नाही. त्याने गावासाठी खोदली. दानशूर. बहुधा माझे खापरपणजोबा. त्यांच्याच पायाशी मी उभा आहे असं वाटलं.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाणी खारट, वापरात नाही, यात थोर काय? मी म्हटलं, हेतू बघायचा असतो. ती म्हणाली, तुमचं आणि त्यांचं जमलं असतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज पुढची आवृत्ती काढली, दहा वर्षांनंतरची. तेच गाव. घरं ९१. लोकसंख्या ४३०. ज्यूंच्या रकान्यात एक आडवी रेघ.

दहा वर्षांत एक्केचाळीस माणसं नाहीशी! गाव वाढलं, आम्ही शून्य. साथ? मग बाकीचे कसे जगले? छळ? नोंदीत नाही, पण छळ करणारा कशाला नोंद करेल? मला तर राजकीय कटाचा वास येतो. दुसऱ्या खंडाचं सूत्र मिळालं. प्रकरणाचं नाव: ‘ते एक्केचाळीस.’

सेक्रेटरीने आता फोन करणं सोडलंय. चांगलं झालं, सकाळ शांत जाते.

१ मार्च, रविवार

ताईला ‘ते एक्केचाळीस’ समजावून सांगत होतो. फळ्यावर तीन शक्यता लिहिल्या होत्या. साथ, छळ, कट. ती वाटाणे सोलत ऐकत होती. मग म्हणाली, अरे, साथबिथ काही नाही. आजोबा सांगायचे. गावात आपले पुरुष बरोब्बर दहा होते. त्यातले दोघे भाऊ विहिरीवरून भांडले. खोदली एकाने, जागा सांगितली दुसऱ्याने, आणि पाणी लागलं खारट. एकजण रागाने गाव सोडून गेला. त्याला परत आणायला कोणी गेलं नाही, सगळ्यांना वाटलं दुसरा कोणी जाईल. दहाचे नऊ झाले. मग कोणी मेलं तरी त्याच्यामागे प्रार्थना म्हणता येईना. चार-पाच वर्षं तशी काढली आणि मग एकेक घर उठून जिथे दहा आहेत तिथे निघून गेलं.

मी वहीत लिहिलं: ऐकीव. पुरावा नाही. वाक्याखाली रेघ मारली, कारण वयाने माणसं अशी सोपी उत्तरं देऊ लागतात.

ताईला वाईट वाटलं असेल तर असो. जाताना मात्र म्हणाली, मला पोर नाही, बाळ. मी गेले की माझ्यामागे म्हणायला तूच. आणि तू म्हणणार तर तुझ्यामागे नऊ उभे राहिले पाहिजेत. आत्तापासून जात जा तिकडे, तोंड दाखव, म्हणजे माझ्या वेळेला लोक येतील. दुसरं काही मला नको.

मी म्हटलं, ताई, तुझं नाव मी छापून ठेवणार आहे. वंशावळीत, माझ्या शेजारी, ठळक टायपात. ती म्हणाली, मला वाचायला कोण उठणार आहे?

ठरवलं. एप्रिलपासून नियमित जायचं. मार्चमध्ये काम फार आहे.

१४ मार्च, शनिवार

प्रगती. मुखपृष्ठ: चार मसुदे. अर्पणपत्रिका: दोन (एक ताईला, एक खापरपणजोबांना. ठरत नाही). ऋणनिर्देश पूर्ण. प्रकरण पहिलं उद्यापासून.

२ एप्रिल, गुरुवार

शिंपीबुवा वर आले. पहिल्यांदाच दारात उभे राहून बोलले नाहीत, आत येऊन बसले. म्हणाले, प्रार्थनेला येणारे घड्याळवाले दोघे भाऊ आजारी आहेत. उरले नऊ, तुम्हाला धरून दहा. या शनिवारी तुम्ही आला नाहीत तर काहीच नाही. जानेवारीपासून चारदाच आईचं म्हणता आलं, साहेब. चारदा. बोलताना हाताने पँटची शिवण चाचपत होते.

ताई तिच्या खुर्चीतून म्हणाली, येईल तो. मी त्याला हाताला धरून आणते.

मीही म्हटलं, शब्द देतो.

४ एप्रिल, शनिवार. गावाहून, दुपार

काय योग आहेत! काल मेहुण्याचा फोन. तो त्या बाजूला कामासाठी गाडीने चालला होता, पहाटे निघणार, एक जागा रिकामी. तिसऱ्या गावाच्या अगदी जवळून. पुन्हा अशी संधी कधी? स्थळपाहणीशिवाय ग्रंथ म्हणजे पोकळ. शिंपीबुवांना चिठ्ठी लिहून दुकानाच्या फळीखालून सरकवली. चिठ्ठीत विहिरीचा उल्लेख केला, म्हणजे त्यांना महत्त्व कळेल. ताई झोपली होती, उठवलं नाही.

विहीर आहे! गावाच्या उत्तरेला, अगदी छापल्याप्रमाणे. काठ ढासळलेला, आत टायर, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक मोडकी खुर्ची. शेजारच्या शेतातल्या बाईला विचारलं, ही कोणी खोदली माहीत आहे का? म्हणाली, कोणी खोदली ते कोणाला माहीत? पिढ्यानपिढ्या कचरा टाकतो. मी तिला सांगितलं, माझ्या खापरपणजोबांनी. ती म्हणाली, मग तुम्हीच जरा साफ करून घ्या.

बाटलीला दोरी बांधून पाणी काढलं. आधी स्वतः प्यालो. घराण्याचं पाणी! खारट आहे. नोंद तंतोतंत खरी निघाली. सव्वाशे वर्षांनी मी गॅझेटियर पडताळलं. असं आजवर किती जणांनी केलं असेल?

५ एप्रिल, रविवार

पोट.

६ एप्रिल, सोमवार

पोट. बायको म्हणते, वापरात नाही हे छापलेलं होतं ना?

ताईसमोर बाटली ठेवली. आजोबांच्या गावचं पाणी, म्हटलं. तिने झाकण काढून वास घेतला आणि परत लावलं. शनिवारी ती एकटीच काठी टेकत सिनेगॉगला गेली होती म्हणे. मला शोधायला. नऊ होते. तिने सेक्रेटरीला विचारलं, मला धरा की. तो म्हणाला, ताई, तुम्हाला कसं धरू? मग सगळे घरी आले. शिंपीबुवांनी ताईला हाताला धरून जिना चढवून दिला.

माझ्याशी आज बोलत नाहीये. पाणी पोटाला बाधलं आहे हे दिसत असूनही.

१२ एप्रिल, रविवार

शिंपीबुवा दुकान बंद करून मुलीकडे चालले आहेत. कायमचे. खूप लांब, विमानाने जावं लागतं. मी विचारलं, या वयात? म्हणाले, तिथे रोज वीसेक जण जमतात. आईचे सात महिने उरलेत, तेवढे तरी नीट होतील.

खरं कारण वेगळं असणार. अलीकडे रेडीमेड कपड्यांमुळे शिंप्यांचा धंदा बसला आहे.

जाताना कोट देऊन गेले. जूनचा कोट एप्रिलमध्ये. घालून बघायला लावला, खांद्यावरून हात फिरवला, कॉलर ओढून बघितली. म्हणाले, सगळीकडे दुहेरी टीप घातली आहे, साहेब, तुमच्या जन्मात उसवणार नाही. कोट छान बसला. प्रकाशकाला पत्र टाकलं आहे, त्याचं अजून उत्तर नाही.

१८ एप्रिल, शनिवार

लायब्ररीच्या दारावर कागद. दुर्मिळ ग्रंथांचं स्कॅनिंग सुरू, विभाग पुढील सूचनेपर्यंत बंद. ग्रंथपालबाई म्हणाल्या, वर्षभर तरी. अन्याय!

२५ एप्रिल, शनिवार

आता शनिवार मोकळे. सिनेगॉगला जाता येईल. पण नीट विचार केला. आत्ता गेलो तर लोक म्हणणार, लायब्ररी बंद पडली म्हणून आला. ते बरं दिसत नाही. थोडा काळ जाऊ द्यावा.

दिवसभर घरी होतो. पंख्याला तेल दिलं.

५ मे, मंगळवार

ताईला हॉस्पिटलात ठेवलं. श्वास पुरत नाही. तिने स्वतःच नाडी बघून सांगितलं, आता न्या. वॉर्डात पोचल्यावर नर्सला उशी कशी द्यायची ते शिकवलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे. मी म्हटलं, आमच्या घराण्यात हृदयं चांगली असतात. त्यांनी विचारलं, कोणाचं होतं चांगलं? आठवेना.

८ मे, शुक्रवार

ताईला बरं वाटावं म्हणून पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. म्हणजे अर्पणपत्रिका आणि पहिली दोन पानं. मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी विहिरीपर्यंत आलो तेव्हा तिने हात वर केला. मला वाटलं, छान म्हणते आहे. पण ती बोटं दाखवत होती. दोन्ही हात, सगळी बोटं. दहा.

मी म्हटलं, हो ताई, जमवतो. सगळे येतील.

तिने डोळे मिटले. विश्वास ठेवला असावा. ठेवला का? कळलं नाही मला.

१० मे, रविवार

सेक्रेटरीला फोन करायला हवा. आज नको, रविवार आहे, माणूस विश्रांती घेत असेल. उद्या सकाळी पहिलं काम.

११ मे, सोमवार

ताई गेली. सकाळी ७.२०. मी चहा आणायला खाली गेलो होतो.

१२ मे, मंगळवार

कब्रस्तानात गेटपर्यंत माणसं होती. मी मोजली, मोजायची सवय आहे. चाळीस. मुलं कडेवर घेतलेल्या बायका, त्यांचे नवरे, वॉर्डातल्या जुन्या आया, डोक्याला रुमाल बांधलेला एक रिक्षावाला जो म्हणत होता की मला या बाईंनी जन्माला घातलं. चाळीस माणसं रडत होती. आमच्यातले पुरुष नऊ. मला धरून.

आधी कोट. बहीण गेली की भावाचा कपडा फाडतात, उजव्या बाजूने. चांगला तेवढाच होता म्हणून तो घातला होता, समारंभाचा. सेक्रेटरीने ब्लेडने कॉलरखाली चीर दिली आणि म्हणाला, आता हाताने ओढा. ओढला. फाटेना. दुहेरी टीप. दोन्ही हातांनी ओढला, सेक्रेटरीने दुसरीकडून धरला, फाटेना. सगळे बघत होते. शेवटी मी रडायला लागलो आणि त्यानेच ब्लेड फिरवून काम उरकलं. लोकांना वाटलं असेल, मी ताईसाठी रडतोय. ताईसाठीच रडत होतो. कोटासाठी माणूस रडतो का?

मग प्रार्थना. सेक्रेटरीने पुस्तक उघडलं, माझ्याकडे बघितलं, माणसं बघितली, पुन्हा मोजली. घड्याळवाल्या भावांना विचारलं, कोणी येणार आहे का? कोणी नाही. तो रिक्षावाला म्हणाला, मला धरा, मी उभा राहतो. बायको म्हणाली, मी आहे ना, पन्नास वर्षं भांडी घासली यांच्या घरात, मला धरा. सेक्रेटरीने मान खाली घातली. म्हणाला, नियम मी केलेला नाही हो.

अर्धा तास थांबलो. ऊन वाढलं. त्याने पुस्तक मिटलं.

शिंपीबुवा असते तर दहा झाले असते.

१६ मे, शनिवार

सिनेगॉगला साडेआठलाच पोचलो. शेजारून किल्ली घेऊन दार मी उघडलं, खुर्च्या मी पुसल्या. सेक्रेटरी आला, त्याने फोनची डायरी काढून दिली. म्हणाला, आता तुम्हीच लावा. मी लावले. एकजण म्हणाला, मला आज काम आहे. दुसरा म्हणाला, मीच कशाला, आणखी माणसं आहेत की.

नऊ. पावणेअकरापर्यंत थांबलो. मग अकरापर्यंत. सेक्रेटरीने कुलूप हातात धरून ठेवलं होतं, पण लावलं नाही, मी उठेपर्यंत.

‘ऐकीव, पुरावा नाही’ हे खोडायला मार्चचं पान काढलं. पेन्सिलीने लिहिलं असेल असं वाटलं होतं. पेनने लिहिलं होतं, खोडलं गेलं नाही.

१९ मे, मंगळवार. संध्याकाळ

शिंपीबुवांचा फोन. सेक्रेटरीने त्यांना कळवलं म्हणे. आवाज लांबून आला तरी स्पष्ट. म्हणाले, साहेब, थोड्या वेळात इथे प्रार्थना आहे, ताईंसाठी मी म्हणतो. आज सतरा जण आलेत, अडचण नाही. त्यांनी माझ्या आईसाठी गुडघे दुखत असताना महिनाभर जिना चढउतार केला, एवढं तरी करू द्या मला. म्हणताना मेलेल्या माणसाच्या वडिलांचं नाव घ्यावं लागतं. तेवढं सांगा.

मी वही घेतली. पाच महिन्यांची मेहनत. वंशावळीचं पान काढून सांगायला लागलो. वडील. वडिलांचे वडील. त्यांचे वडील. त्यांचेही वडील, म्हणजे बहुधा विहीरवाले, त्यांच्याबद्दल छापील पुरावा आहे.

साहेब, म्हणाले, फक्त वडिलांचं. एवढं पुरतं.

सांगितलं. ते मला आधीपासून पाठ होतं.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, तिकडे ताईंच्या वेळेला किती होते?

मी म्हटलं, चाळीस.

बरं वाटलं ऐकून, म्हणाले. मला काळजी होती. आणि पुन्हा एकदा बरं वाटलं म्हणाले.

खोटं नाही बोललो. चाळीस होतेच.

वहीत मात्र लिहून ठेवतो. नऊ.